एक वर, एक खाली… आणि थेट चंद्रावर!

माहीत आहे का? झेडपीच्या शाळेत दुसरी-तिसरीची पोरं कार्यानुभवाच्या तासाला घोटीव कागदाची चटई विणतात. त्या चटईत जी ट्रिक आहे तीच पैठणीत आहे, तीच जरा घरं सरकवून तुमच्या जीन्समध्ये आहे, आणि १९६९ साली चंद्रावर उतरलेल्या यानाच्या कॉम्प्युटरमध्येसुद्धा तीच होती. एक वर, एक खाली. पुढच्या ओळीला बरोबर उलट. खेळ खल्लास!

तर मंडळी, आजचा शो विणकामाचा. स्टेज आहे बीड जिल्हा. कलाकार आहेत पहिली ते पाचवीची चिल्लीपिल्ली. मटेरियल म्हणजे घरात, बांधावर आणि भंगारात सापडेल ते. चला, धोटा फेकूया!

आधी चटईच. घोटीव कागद मधोमध दुमडायचा. घडीच्या बाजूने सरळ रेषेत कात्री चालवायची, पण समोरच्या कडेच्या एक बोट अलीकडे ब्रेक मारायचा. कागद उलगडला की उभ्या फटी तयार आणि कडा शाबूत. हा झाला ताणा. दुसऱ्या रंगाच्या सुट्ट्या पट्ट्या म्हणजे बाणा. पहिली पट्टी वर-खाली-वर-खाली, दुसरी खाली-वर-खाली-वर. प्रत्येक पट्टी आत गेली की बोटाने सरकवून आधीच्या पट्टीला भिडवायची. सगळी गंमत या सरकवण्यात आहे. ते राहिलं की चटई विरविरीत होते आणि शेवटच्या पट्ट्यांना भलतीच मोकळी जागा उरते. टोकं मागे दुमडून डिंकाचा एकेक ठिपका. चटई तयार, आणि सम-विषम संख्या बोनस!

या कागदी चटईचा पत्ता माहीत आहे का? थेट जर्मनी! फ्रेडरिक फ्रोबेल या शिक्षकाने १८३७ साली बाड ब्लांकेनबुर्ग या गावात लहान मुलांची शाळा काढली आणि १८४० मध्ये तिला 'किंडरगार्टन' हे नाव दिलं. मुलांच्या हातांना द्यायच्या उद्योगांची त्याने यादीच केली होती. त्यात कागदाच्या पट्ट्या विणणं हा एक उद्योग. म्हणजे ज्याला आपण 'टाइमपास क्राफ्ट' म्हणतो, तो अभ्यासक्रमाचा मुख्य भाग होता बरं का!

याच फ्रोबेलची खेळणी १८७६ सालच्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात एका आईने पाहिली आणि लेकासाठी घेतली. लेक मोठा होऊन बनला फ्रँक लॉइड राइट. न्यूयॉर्कचं गुगेनहाइम म्युझियम डिझाइन करणारा आर्किटेक्ट!

आता एक गोड बातमी. परीकथांचा राजा हान्स ख्रिश्चन अँडरसन माहीत आहे ना? कात्री-कागदाचं त्याला वेड होतं. दोन रंगांच्या कागदांच्या पट्ट्या एकमेकींत ओवून हृदयाच्या आकाराची छोटी पिशवी करायची, ही डेन्मार्कची नाताळातली आवडती कला. आजवर माहीत असलेलं तिचं सर्वांत जुनं उदाहरण १८६० सालचं आहे, आणि ते या अँडरसनसाहेबांच्याच हातचं! पिशवी आतून पोकळ असते. डेन्मार्कवाले तिच्यात खाऊ भरतात. आपण तिळगूळ भरू. संक्रांतीच्या आठवड्यात तिसरी-चौथीच्या वर्गाला याहून भारी प्रोजेक्ट नाही.

गुरुजी, टकळी आणली का?

आजोबांना विचारा. त्यांच्या शाळेत सूत कातायची टकळी होती का? पुष्कळ आजोबांचे डोळे चमकतील.

ऑक्टोबर १९३७. वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिच्यातून डॉ. झाकीर हुसेन यांची समिती आली आणि 'नयी तालीम'चा आराखडा तयार झाला. या आराखड्यातलं टाइमटेबल माहीत आहे का? शाळा रोज साडेपाच तास आणि त्यातले ३ तास २० मिनिटं फक्त हस्तोद्योग! मातृभाषेला ४० मिनिटं. व्यायामाला १० मिनिटं. आजच्या शाळेत कलेचा तास गणिताच्या सरांनी मागून घेतला की मुलं गप्प बसतात. तेव्हा गणितच हस्तोद्योगाच्या पोटातून शिकवायचं ठरलं होतं. किती तार कातले, किती तुटले, वजन किती, मोल किती, सगळं पाटीवर!

पुढे हेच झाकीर हुसेन १९६७ साली राष्ट्रपती झाले. सूतकताई ते राष्ट्रपती भवन. बोला!

अजून एक धागा सुटतोय, पकडा. १९२४ साली बेळगावला काँग्रेसचं अधिवेशन झालं, अध्यक्ष खुद्द गांधीजी. तिथे काय ठरलं माहीत आहे का? सभासद व्हायचंय? चार आणे वर्गणी नको, दरमहा २००० यार्ड सूत द्या! राजकारणात सूत जुळवणं म्हणजे काय, ते तिथे खरोखर दिसलं.

आणि १९२९ साली तर चक्क एक लाखाचं बक्षीस! अखिल भारतीय चरखा संघाने जाहीर केलं की खेड्यात चालेल, स्वस्तात दुरुस्त होईल आणि भरपूर सूत देईल असा सुधारित चरखा आणा आणि लाख रुपये न्या. त्या काळचे लाख! ते बक्षीस कोणालाही मिळालं नाही.

बीडच्या बांधावरचा मॉल

शहरातल्या शाळा विणकामासाठी रेडीमेड किट मागवतात. बीडच्या शाळांना याची काय गरज? कुंपणाबाहेर पाऊल टाकलं की सुपरमार्केट!

पहिला स्टॉल कापसाचा. गेवराई, माजलगाव, वडवणीकडे पांढऱ्या सोन्याची शिवारंच्या शिवारं. बोंडातून एक तंतू अलगद ओढून तळहातावर ठेवा. माहीत आहे का, हा अख्खा तंतू म्हणजे एकच पेशी आहे! सरकीच्या सालीवरची एक पेशी लांब लांब वाढत दोन-अडीच सेंटिमीटरची होते. बहुतेक पेशी बघायला मायक्रोस्कोप लागतो. ही बोटात धरता येते. विज्ञान आणि कला एकाच चिमटीत!

दुसरा स्टॉल रेशमाचा. बीड हा राज्यात रेशीमशेतीत आघाडीवर असलेल्या जिल्ह्यांपैकी एक. गेवराई तालुक्यातलं एक गाव तर रेशीमशेतीसाठी चांगलंच नावाजलेलं, आणि त्या गावाचं नाव? रुई! नाव रुई, काम रेशीम. कोष करताना अळी डोकं इंग्रजी आठच्या आकड्यात फिरवत राहते आणि दोन-तीन दिवसांत सलग धाग्याचा कोष बांधते. एका चांगल्या कोषात न तुटलेला सुमारे एक किलोमीटर धागा निघतो! अळ्यांना कोष करायला जागा म्हणून पूर्वीपासून बांबूची विणलेली गोल ताटं वापरतात. त्यांचं नाव काय माहीत आहे? चंद्रिका. म्हणजे माणसाने विणलेल्या ताटात बसून अळी धागा गुंडाळते आणि तोच धागा परत माणूस मागावर चढवतो. देणंघेणं फिट्टंफाट!

तिसरा स्टॉल माझा फेव्हरेट, अंबाडी. मराठवाड्यात अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकरी न खाल्लेला माणूस शोधून दाखवा. पण पाल्याची भाजी झाल्यावर पुढचा सीन काय असतो? झाड वाढू द्यायचं, कापायचं, पेंढ्या पाण्यात भिजत घालायच्या, साल सुटली की सोलून वाख काढायचा, आणि मग दोर. दावं, कासरा, शिंकं, बैलाच्या तोंडाचं मुसकं, पाखरं हाकायची गोफण, सगळं या वाखातून. पोळ्याच्या आधी घरोघर दोर वळायला बसलेली माणसं अजूनही अनेक गावांत दिसतात. तव्यावर भाजी आणि गोठ्यात दावं, दोन्ही एकाच झाडाचं!

शाळेत अंबाडीचा वाख आणून चौथीच्या पोरांकडून तीन पदरी वेणी घालून घ्या. मुली दोन मिनिटांत करतात, कारण रोज सकाळी आई त्यांच्या केसांवर तेच करते. मुलगे मात्र आधी गुंततात. मग मुली शिकवतात. वर्गातलं हे शिकवणं बघायला फार मजा येते.

तूर निघाल्यावर उरतात तुराट्या. त्यांचा कूड विणून खेड्यापाड्यांत भिंती उभ्या केल्या जातात, त्याला शेणामातीचा गिलावा. म्हणजे घर हेसुद्धा विणकाम! ओल्या तुराट्या वाकतात, वाळलेल्या कडकन मोडतात. छोट्या कुडासाठी मातीच्या गोळ्यात सात काड्या उभ्या खोचा आणि मधून ओल्या फोका किंवा नुसती जाड सुतळी फिरवा. संध्याकाळपर्यंत टेबलावर एक छोटं गाव वसतं.

शिंदीच्या पानांच्या चटया आणि फडे, बुरुडाच्या हातची सुपं, टोपल्या, कणग्या, हे सगळं आठवडी बाजारात आहेच. एकदा सूप हातात घेऊन नीट बघा. त्यात एक वर एक खाली नसतं. दोन वर, दोन खाली, आणि प्रत्येक ओळीला एक घर पुढे सरकायचं. म्हणून तिरप्या रेघा उमटतात. आता जीन्सचा पाय बघा. दिसल्या का तिरप्या रेघा? जीन्समध्येही धाग्यांची घरं अशीच सरकत जातात, फक्त तिथे उभा निळा धागा वरच्या बाजूला जास्त वेळ राहतो आणि आडवा पांढरा धागा खाली लपतो. म्हणून जीन्स बाहेरून निळी आणि आतून पांढरट. सूप आणि जीन्स सख्खी चुलत भावंडं निघाली!

आणि ऊस. बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा, हे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. दिवाळीनंतर बिऱ्हाडं कारखान्यांकडे निघतात. ज्या मुलांना गावात ठेवता येतं त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहाची सोय असते, बाकीची आईबापांबरोबर फडावर जातात. फडावर उसाची मोळी कशाने बांधतात माहीत आहे का? बाजारच्या दोरीने नाही. उसाच्या शेंड्याचे हिरवे वाढे पीळ देऊन तिथल्या तिथे बंध तयार होतो. हाताचा एक झटका, एक पीळ, एक खोच, की मोळी पक्की. आणि ती मोळी डोक्यावरून वाहून न्यायची असते, तेव्हा बंध सुटून चालतच नाही. ही मुलं शाळेत परत आली की त्यांना पुढे बोलवा आणि हा बंध सगळ्या वर्गाला शिकवायला सांगा. या विषयात एक्स्पर्ट तीच आहेत. त्यांच्या हातातलं हे कौशल्य वर्गाने टाळ्या वाजवून घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

दोन हजार वर्षांचा हायवे

चला, नकाशा काढा. स्केलपट्टी घ्या. पैठणवर एक टिंब, धाराशिव जिल्ह्यातल्या तेरवर दुसरं. दोन्ही जोडा. रेघ कुठून गेली? जवळजवळ बीड शहरावरूनच!

हसू नका, यात इतिहास आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्याने समुद्री व्यापाराची गाइड लिहिली, 'पेरिप्लस'. तिच्यात पैठण आणि तेर ही दोन्ही गावं आहेत. भडोच बंदरापासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि पैठणपासून तेर दहा दिवसांच्या. तेरहून काय यायचं? साधं कापड भरपूर, शिवाय तलम मलमल. तेही गाड्यांतून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून. त्या गाड्या सध्याच्या बीड जिल्ह्याच्या अंगाखांद्यावरून गेल्या असणार, असं नकाशाकडे बघून मला तरी ठामपणे वाटतं.

त्याहूनही जुनं हवंय? पैठणहून फार लांब नसलेल्या नेवाशाला १९५४ ते ५६ मध्ये ह. धी. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन झालं. ताम्रपाषाणयुगातल्या एका दफनात तांब्याचे मणी मिळाले आणि मण्यांत अडकलेला धागाही शिल्लक होता. तपासला, तर त्यात रेशीम आणि कापूस! तीन हजार वर्षांहून जुनी माळ, आणि धागा अजून साक्ष द्यायला हजर.

आता पैठणी. बीडच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते, तिच्याच काठाने थोडं वर गेलं की पैठण. पैठणी खरी की नकली हे ओळखायची शाळकरी टेस्ट माहीत आहे का? पदर उलटा करा! हातमागाच्या अस्सल पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. मागे लोंबणाऱ्या धाग्यांचा गुंता नसतो. कारण मोराचा निळा धागा मोराच्याच घरापुरता फिरतो आणि शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकून परत वळतो. प्रत्येक रंगाची वेगळी छोटी कांडी. एका ओळीत डझनभर कांड्या! म्हणून एक ओळ सरकायला वेळ लागतो आणि भरजरी पदराची साडी महिनोन्महिने मागावर राहते. पैठणीला २०१० साली जीआय मानांकनही मिळालं.

पाचवीची पोरं पैठणी विणतील का? मिनी पैठणी विणतील की! जुन्या लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा घ्या. वर-खाली सारख्या अंतरावर खाचा पाडा, खाचांतून उभा दोरा ताणून बांधा. माग तयार. धोटा म्हणून आइस्क्रीमची काडी, तिच्या टोकाला छिद्र. डावा अर्धा भाग हिरव्या लोकरीचा, उजवा अर्धा जांभळ्याचा. दोन्ही रंग मध्ये भेटले की एकमेकांच्या गळ्यात हात घालून परत फिरायचे. ही गळाभेट विसरली की बरोबर मध्ये उभी फट पडते. ती पडली की पोरांना पैठणीची खरी किंमत कळते. दोरा ताणताना फार आवळू नका, पुठ्ठा धनुष्यबाण होतो. आणि बाणा ओढताना मुलं जोर लावतात, मग कापड मध्येच कंबरेत बारीक होत जातं. उपाय सोपा आहे. आडवा धागा सरळ न नेता थोडा कमानीसारखा सैल टाकायचा आणि मग जुन्या कंगव्याने खाली ठोकायचा. मागावर हेच काम फणी करते.

लोकर महाग पडते? आजीच्या जुन्या नऊवारीची कात्रणं काढा. गणित करून बघा. नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटर, पन्हा ४५ इंच. इंचभर रुंद पट्ट्या कापल्या तर ४५ पट्ट्या, एकूण जवळजवळ ३७० मीटर! एका आजीच्या एका साडीत अख्ख्या वर्गाचं विणकाम. भाग्यवान पोरं!

चाकाचं चकवा-गणित

घरात जुन्या सीडी पडल्यात? कडेपासून मधल्या भोकापर्यंत दोरा गुंडाळत न्या, आरे तयार होतील. मग मध्यापासून गोल गोल लोकर विणत बाहेर या. चकाकणारं गोल तोरण!

पण थांबा. आरे किती घेतले? सोळा? मग फसलात! गोल विणकामात आरे विषमच हवेत. पंधरा घ्या, सतरा घ्या. सम आकडा असेल तर पहिला फेरा जिथे वरून गेला तिथे दुसराही वरूनच जातो. तिसराही. वीण बसतच नाही. एक आरा जास्त किंवा कमी केला की पुढचा फेरा आपोआप उलट पडतो. गणिताच्या पुस्तकात सम-विषम नुसतं टिकमार्क करायला असतं. इथे ते चुकलं की तोरण सुटतं.

आता मोठी चाल. भंगारातल्या सायकलची रिंग. आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकलला पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्याला ४० तारा असतात. दोन्ही सम! जुगाड काय? कुठल्याही दोन शेजारच्या तारा एकत्र बांधून एक करा. ३१ किंवा ३९ झाल्या. आता पाच-सहा पोरं रिंगेभोवती बसून आईच्या साडीच्या पट्ट्या फिरवत राहतात आणि शाळेच्या भिंतीवर लटकवायला चक्रीवादळी रंगांचं भलं मोठं चाक मिळतं.

हात नको, पाय द्या!

माहीत आहे का, मुलं स्वतःच धोटा बनू शकतात? गोफ! वर मध्यभागी बांधलेल्या रंगीत दोऱ्या किंवा पट्टे, प्रत्येकाच्या हातात एकेक टोक. संख्या सम. अर्धी पोरं उजवीकडून निघतात, अर्धी डावीकडून. समोरच्याला एकदा आतून पार करायचं, पुढच्याला बाहेरून. आतून, बाहेरून, आतून, बाहेरून. गाणं चालू, ताल चालू, आणि वर रंगीत वेणी आपोआप खाली उतरत येते. गोव्यात शिगम्याला हा गोफ रंगतो, आणि आपल्याकडे स्नेहसंमेलनाच्या स्टेजवर टिपऱ्यांच्या जोडीने हमखास दिसतो.

पण खरी कसोटी पुढे आहे. विणलेला गोफ सोडवायचा, तोही नाचतच! जे पाऊल शेवटी टाकलं ते आधी, मग त्याच्या आधीचं. एकानेही आत-बाहेरची चूक केली की गाठ. म्हणून सरावाच्या वेळी बाई जमिनीवर खडूने दोन वर्तुळं आखतात, आतलं आणि बाहेरचं, आणि मुलं आधी बिनदोरीची चालतात. पाय पाठ झाले की मगच दोरी हातात. गोफ उलगडून पट्टे पुन्हा मोकळे सुटतात, तेव्हा टाळ्यांचा जो कडकडाट होतो तो वेणी पूर्ण झाल्यावरही होत नाही.

चोच हाच धोटा

पावसाळ्यात विहिरीवरच्या बाभळीला लोंबणारे खोपे बघितलेत? सुगरण पक्ष्याचं काम. आणि इथे पहिला धक्का. खोपा विणते ती सुगरण नाही, विणतो तो नर! गवताच्या हजारो लांब पात्या एकट्या चोचीने गाठी मारमारून. अर्धा खोपा झाला की मादी इन्स्पेक्शनला येते. पसंत पडला तर नर पुढचं नळीचं दार पूर्ण करतो. नापसंत? मग बसा नवीन विणत. पसंत पडला तरी गडी थांबत नाही, लगेच दुसरा खोपा सुरू करतो. हे लफडं जगापुढे आणलं डॉ. सलीम अली यांनी, १९३०च्या सुमारास अलिबागजवळच्या किहीममध्ये सुगरणींवर तासन् तास नजर ठेवून.

शाळेसाठी प्रोजेक्ट: पावसाळा संपल्यावर खाली पडलेला रिकामा खोपा आणा. उलगडू नका, नुसतं भिंगातून बघा आणि त्यातली एक गाठ दोऱ्याने करून दाखवा. बघू कोणाला जमते. झाडावरचा खोपा मात्र कोणी तोडायचा नाही.

मागावर जन्मला कॉम्प्युटर

आता सुपरफास्ट सेक्शन.

१८०४ साली फ्रान्सच्या जोसेफ मारी जॅकार्डने मागाला भोकं पाडलेली कार्डं जोडली. भोक असेल तर धागा वर, नसेल तर खाली. हा आणि नाही. एक आणि शून्य! पुढे रेशमात विणलेलं जॅकार्डचंच एक चित्र तयार झालं, त्याला तब्बल २४,००० कार्डं लागली. त्याची एक प्रत कोणाकडे होती माहीत आहे? कॉम्प्युटरचा आजोबा चार्ल्स बॅबेज याच्याकडे. आणि १८४३ साली एडा लव्हलेसने लिहून ठेवलं की जॅकार्डचा माग जशी फुलं-पानं विणतो तसं बॅबेजचं यंत्र बीजगणित विणेल. पहिल्या प्रोग्रामरच्या तोंडी मागाचीच भाषा!

मग चंद्र. अपोलो यानाचा प्रोग्राम साठवला होता तारांमध्ये. तार चुंबकीय कड्यातून आत गेली की १, बाहेरून गेली की ०. ही मेमरी अमेरिकेत रेथिऑन कंपनीच्या कारखान्यात बायकांनी हातांनी विणली. त्यांतल्या काही जणी कापडगिरण्यांतल्या कसबी कामगार होत्या. सगळी मिळून जेमतेम ७२ किलोबाइट! तुमच्या फोनमधला एक फॉरवर्डेड गुड मॉर्निंग फोटो यापेक्षा जड असतो. एवढ्यात माणूस चंद्रावर उतरून परत आला.

पोरांसाठी: चौकटीच्या वहीत आपल्या नावाचं पहिलं अक्षर रंगवा. रंगीत घर १, कोरं घर ०. आता तेच कागदी चटईत उतरवा, १ म्हणजे पट्टी वर, ० म्हणजे पट्टी खाली. 'म' छान जमतो. 'क्ष' घेणाऱ्याला शाबासकी वेगळी!

फटाफट चार

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये २०१२ साली एक सोनेरी केप मांडला होता. रंग दिलेला नाही, उपजत सोनेरी. धागा मादागास्करच्या १२ लाख कोळ्यांचा!

पेरूमध्ये केस्वाचाका नावाचा पूल आहे. गवताच्या दोरांचा. दर वर्षी जूनमध्ये गावकरी एकत्र येऊन जुना काढून नवा विणतात. युनेस्कोने २०१३ साली ही परंपरा वारसा यादीत घेतली. अंबाडीचा दोर वळणाऱ्या आपल्या आजोबांना हे नक्की सांगा.

देशाचा खादीचा झेंडा मोजक्याच ठिकाणी तयार होतो. त्यातलं एक ठिकाण मराठवाड्यात आहे, नांदेड!

दृष्टिहीन मुलांच्या शाळांत खुर्च्या विणायला शिकवण्याची जुनी पद्धत आहे. बोटांना वर-खाली डोळ्यांपेक्षा आधी कळतं. वर्गात सगळ्यांच्या डोळ्यांवर रुमाल बांधून चटईच्या चार ओळी विणून बघा. वेग कमी होतो, चुका मात्र फारशा वाढत नाहीत.

आणि शनिवारसाठी चॅलेंज!

राज्यात पहिली ते आठवीसाठी 'आनंददायी शनिवार' सुरू झालाय, तर घ्या एक तगडं प्रोजेक्ट. कोंबड्या झाकायचं बांबूचं डालगं बघितलंय ना? त्याची भोकं चौकोनी नसतात, षटकोनी असतात. कारण पट्ट्या दोन नाही, तीन दिशांनी धावतात. याच विणीला जपानी लोक 'कागोमे' म्हणतात, आणि भौतिकशास्त्रज्ञ याच नावाच्या जाळीवर चुंबकत्वाचं संशोधन करतात. डालग्याची भोकं थेट लॅबमध्ये!

माहीत आहे का, सगळी भोकं षटकोनी ठेवली तर चटई सपाट राहते, पण एका जागी पाचच पट्ट्यांनी पंचकोन केला की ती तिथे फुगून वाटी होते? असे बारा पंचकोन साधले की पूर्ण चेंडू! सेपाक टकरा या खेळाचा वेताचा चेंडू तसाच असतो, बारा भोकांचा. याच खेळात भारताने २०१८च्या आशियाई स्पर्धेत ब्राँझ जिंकलं.

जुन्या कॅलेंडरच्या जाड कागदाच्या सारख्या रुंदीच्या सहा लांब पट्ट्या कापा. पाच पट्ट्यांचा पहिला पंचकोन टेबलावर जमवा, प्रत्येक जोडावर कपड्यांची क्लिप लावा. सहावी पट्टी गोल फिरवून पट्टा करा, मग मोकळी टोकं वर वळवून त्यात एक वर, एक खाली अशी ओवत जा. पहिल्यांदा पसारा होईल, होऊ द्या. क्लिपा भरपूर ठेवा आणि शेवटचं टोक आत खोचलं जाईपर्यंत चेंडू हातातून सोडू नका!